घुबडाच्या वाटेनं: दिजाँ शहरात पायी फेरी

हातातलं काम चालू राहू द्या. धान्य निवडत असाल, शिवत असाल, भाजी चिरत असाल, काही हरकत नाही. कान तेवढे इकडे द्या. आज आपण पायी फिरायला जाणार आहोत, आणि तेही फ्रान्समधल्या एका जुन्या शहरात. शहराचं नाव दिजाँ. मोठ्या दुकानात मोहरीच्या पिवळ्या चटणीची बाटली मिळते, तिच्यावर ‘डिजॉन’ लिहिलेलं असतं. तेच हे गाव. तिथले लोक शेवटचं अक्षर नाकातून काढतात, दिजाँ.

पॅरिसपासून हे शहर सुमारे ३०० किलोमीटर. वेगवान रेल्वेनं दीड-पावणेदोन तास लागतात. हा बर्गंडीचा मुलूख, द्राक्षबागांचा. १३६३ ते १४७७ या काळात इथे एकामागून एक चार ड्यूक होऊन गेले. ड्यूक म्हणजे राजाच्या हाताखालचा मोठा सरदार. पण हे चौघे इतके बलाढ्य झाले, की खुद्द फ्रान्सच्या राजाला त्यांची धास्ती वाटायची. त्या काळातले रस्ते, घरं, वाडे दिजाँच्या मध्यभागी आजही उभे आहेत आणि त्यांत माणसं राहतात, दुकानं चालवतात.

माझी भाची तिथे शिकायला होती. ती सकाळी कॉलेजला गेली, की दिवस माझा. मला फ्रेंचचा एक शब्द येत नव्हता, सोबत कोणी नव्हतं. तरी मी ते शहर एकटीनं पाहिलं, कारण त्या शहरानं तशी सोयच करून ठेवली आहे. ती सोय म्हणजे ‘घुबडाची वाट’.

घुबड का, ते पुढे सांगते. आधी वाट कशी आहे ते ऐका. रस्त्याच्या फरशीत छोटे तिकोनी पितळी बाण बसवले आहेत. प्रत्येक बाणावर घुबडाचं चित्र. बाण दाखवेल तिकडे चालायचं. काही अंतरावर मोठी पितळी पाटी येते, तिच्यावर आकडा असतो. असे एकूण २२ थांबे. कुठल्या थांब्यावर काय बघायचं, त्याची पुस्तिका थोड्या पैशांत पर्यटन कार्यालयात मिळते, इंग्रजीतही मिळते. बाण मात्र फुकट. वाटाड्या लागत नाही, बस लागत नाही, “चला चला, उशीर होतोय” म्हणणारं कोणी मागे लागत नाही. नुसतं चाललं तर दीड-दोन तासांत वाट संपते. मला दोन दिवस लागले. का लागले, ते तुम्हाला ऐकता ऐकता कळेल. मी सगळे २२ थांबे सांगत बसणार नाही. जिथे माझे पाय थांबले, तेवढेच सांगते.

पहिलाच थांबा आहे दार्सी बाग. झाडं, कारंजं, एक पांढरं शुभ्र दगडी अस्वल. लोक अस्वलाबरोबर फोटो काढतात आणि पुढे जातात. पण खरी गोष्ट बागेच्या खाली आहे. जमिनीखाली पाण्याची मोठी टाकी आहे.

ही गोष्ट मध्ययुगाच्या कितीतरी नंतरची, पण वाटेची सुरुवातच इथून होते आणि गोष्ट आपल्या घरची आहे. ऑंरी दार्सी हा इंजिनियर १८०३ साली याच गावात जन्मला. तेव्हा दिजाँचं पाणी फार वाईट. लोक विहिरींवर आणि गावातल्या ओढ्यावर अवलंबून, आणि त्याच ओढ्यात गावाची घाण. दार्सीनं काय केलं? गावापासून लांब रोझ्वार नावाचा स्वच्छ पाण्याचा झरा शोधला आणि तिथून गावापर्यंत जवळपास पावणेतेरा किलोमीटरचा झाकलेला पाट बांधला. पंप नाही, इंजिन नाही, पाणी नुसत्या उतारानं येतं. सप्टेंबर १८४० मध्ये ते गावात पोहोचलं. मग रस्त्यांखालून नळ टाकले आणि रस्तोरस्ती सार्वजनिक नळ बसवले. त्यांचं पाणी कोणीही फुकट भरावं. आणि या सगळ्या कामाचा मोबदला दार्सीनं घेतला नाही.

मैत्रिणींनो, गल्लीच्या तोंडाशी नळ आला की कोणाच्या डोक्यावरचा भार उतरतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. पुस्तिकेत त्या बायकांबद्दल ओळ नाही. मी मात्र बागेतल्या बाकावर बराच वेळ त्यांच्याच विचारात बसले होते.

दार्सीचं आणखी एक काम आपल्यापर्यंत पोहोचलं आहे. उतारवयात त्यानं दिजाँच्या इस्पितळाच्या आवारात एक प्रयोग केला. उभ्या नळकांड्यात वाळू भरली, वरून पाणी सोडलं आणि ते खालून किती वेगानं निघतं ते मोजलं. पाण्याच्या दाबातला फरक जास्त, तर पाणी जास्त वेगानं जातं. वाळूचा थर लांब, तर सावकाश जातं. वाळू जाड की बारीक, त्यावरही वेग ठरतो. हे त्यानं गणितात मांडलं आणि १८५६ मध्ये पुस्तकात छापलं. जमिनीखालचं पाणी कसं वाहतं, विहिरीला किती पाणी लागेल, याचा हिशोब जगभर या नियमावर चालतो. त्याला नावच ‘दार्सीचा नियम’. आपल्या गावात पाणलोटाचं काम करायला, विहिरीची पातळी मोजायला जे भूवैज्ञानिक येतात, ते हाच नियम शिकून आलेले असतात. पुढच्या वेळी आले तर विचारून बघा.

चला, पुढे निघू. बागेसमोरच दगडी कमान आहे, तिच्यातून जुन्या शहरात शिरायचं. वाट बाजाराकडे वळते. हा बाजार लोखंडी खांबांचा, वर उंच छप्पर, १८७५ च्या सुमाराला बांधलेला. पॅरिसचा तो प्रसिद्ध लोखंडी मनोरा ज्याच्या नावानं ओळखला जातो, तो आयफेलसुद्धा दिजाँचाच, १८३२ चा जन्म. बाजार मंगळवार, गुरुवार, शुक्रवार आणि शनिवार, सकाळीच भरतो. प्रत्येक भाजीपुढे भावाची पाटी आणि त्या पाटीवर माल कुठून आला तेही लिहिलेलं. विचारावं लागत नाही, मान खाली घालून पुढे जावं लागत नाही. मला भाषा येत नसूनही मी हिशोबानं खरेदी केली. आपल्या गटाचा माल घेऊन जत्रेत बसणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं. स्पष्ट भाव आणि गावाचं नाव लिहिलेली पाटी अर्धं बोलणं वाचवते.

बाजाराजवळच्या चौकात कारंज्यावर एक पुतळा आहे, द्राक्षं तुडवणाऱ्या गड्याचा. त्याला म्हणतात ‘बारोझे’. पूर्वी द्राक्षमळ्यात राबणाऱ्यांना गावात याच नावानं ओळखत, म्हणजे ‘लाल मोज्यांचे’. मोजे कुठले आलेत! द्राक्षं तुडवून तुडवून पायच गुडघ्यापर्यंत लाल व्हायचे. राजेरजवाड्यांच्या गावात चौकाच्या मध्यभागी उभा आहे तो रानात राबणारा माणूस. मला बरं वाटलं.

तिथून जुन्या अरुंद गल्ल्या सुरू होतात. लोहारांच्या नावाची गल्ली, काचवाल्यांची गल्ली. घरं लाकडी सांगाड्याची, मधल्या जागा विटांनी किंवा मातीनं भरलेल्या. वरचा मजला खालच्यापेक्षा थोडा पुढे आलेला, त्यामुळे दोन्ही बाजूंची घरं एकमेकींच्या कानात कुजबुजताहेत असं वाटतं. यातलं एक घर जरूर पाहण्यासारखं आहे, मिल्येर यांचं घर. १४८३ साली बांधलेलं. घरधनी कापडाचा व्यापारी, गियोम मिल्येर. त्याच्या बायकोचं नाव गियमेत द्युराँ. पाचशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या कापडवाल्याचं नाव टिकलं, आणि त्याच्या बरोबरीनं तिचंही टिकलं, तेही तिच्या माहेरच्या आडनावासकट. खाली दुकान, वर घर. चूल आणि गल्ला एका जिन्याच्या अंतरावर. असं घर आपण कितीतरी बाजारपेठांत पाहिलं आहे.

या घराजवळच नोत्र-दाम नावाचं चर्च आहे, मेरीमातेचं. तेराव्या शतकात बांधलेलं. त्याच्या दर्शनी भिंतीवर दगडी आकृत्यांच्या तीन ओळी आहेत. वाकुल्या दाखवणारी तोंडं, विचित्र प्राणी, माणसं. त्यांची एक दंतकथा तेराव्या शतकातल्या एका धर्मोपदेशकानं लिहून ठेवली आहे. ती आपल्या बचत गटांनी ऐकलीच पाहिजे.

गावात एक सावकार होता. व्याजानं पैसे देऊन गब्बर झालेला. तो लग्न करायला या चर्चच्या दाराशी आला. दारावरच्या आकृत्यांत एक सावकाराचीही होती, हातात पैशांची थैली घेतलेली. नेमकी ती दगडी थैली निखळली आणि खऱ्या सावकाराच्या डोक्यात पडली. नवरदेव जागीच गेला. मग गावातले बाकीचे सावकार घाबरले. त्यांनी पैसे मोजले आणि समोरच्या सगळ्या आकृत्या काढून टाकायला लावल्या. भिंत जवळपास ६०० वर्षं रिकामी राहिली. आज दिसतात त्या आकृत्या १८८० नंतर नव्यानं बसवलेल्या आहेत.

खरं-खोटं देव जाणे. पण गोष्ट कोणी जपली ते बघा. ज्यांच्या घरावर कर्ज होतं, त्यांनीच ती एकमेकांना सांगितली असणार. दगड पडायची वाट बघण्यापेक्षा दर महिन्याला दहा-वीस रुपये एकत्र ठेवणं बरं, हे आपल्याला उमगलं. त्या काळच्या बायकांच्या हातात तेवढंही नव्हतं.

याच चर्चच्या वरच्या बाजूला एक घड्याळ आहे. ते फ्लँडर्स भागातल्या एका गावातून ड्यूकानं १३८२ मध्ये लढाईची लूट म्हणून आणलं. घड्याळावर एक धातूचा माणूस हातोड्यानं घंटा वाजवतो. त्याचं नाव जाकमार. शेकडो वर्षं बिचारा एकटाच ठोके देत होता. गावकरी त्याची थट्टा करायचे. शेवटी १६५१ मध्ये त्याला बायको आणली, जाकलीन. पुढे १७१४ मध्ये मुलगा आला. आणि मुलगी? मुलगी आली १८८४ मध्ये. मुलानंतर १७० वर्षांनी! मी हिशोब केला आणि एकटीच हसले. पण आली एकदाची. आता चौघं मिळून वेळ सांगतात, आणि लेकीवाचून पाव तासाचा ठोका पूर्ण होत नाही.

चर्चच्या आत मेरीमातेची एक फार जुनी लाकडी मूर्ती आहे, रंगानं काळी. १५१३ मध्ये स्विस फौजेनं दिजाँला वेढा घातला, तेव्हा लोकांनी या मातेची मिरवणूक काढली आणि वेढा उठला, अशी तिची कीर्ती. वेढा उठण्यामागे पैशांचा करारही होता. पण गावाची श्रद्धा मूर्तीवर. दुसऱ्या महायुद्धात, ११ सप्टेंबर १९४४ ला, दिजाँ जर्मनांच्या ताब्यातून सुटलं, तेव्हाही गावानं तिचेच आभार मानले.

आणि आता घुबड. चर्चच्या बाजूच्या गल्लीत, भिंतीच्या कोपऱ्यावर, हात पोहोचेल अशा उंचीवर एक छोटं दगडी घुबड कोरलेलं आहे. वीतभराहून थोडं मोठं. कोणी कोरलं, का कोरलं, हे गावातही कोणी ठाम सांगत नाही. लोक त्याला डावा हात लावतात, कारण हृदय डावीकडे, आणि मनातली इच्छा बोलतात. इतके हात लागले आहेत, की डोळे नाहीत, चोच नाही, नुसता गुळगुळीत दगड उरला आहे. जानेवारी २००१ मध्ये कोणीतरी त्याच्यावर हातोडा मारला. गाव हळहळलं. दुरुस्ती करून ते पुन्हा बसवलं. आता त्याच्यावर कॅमेरा असतो.

आपल्याकडे घुबड म्हटलं की म्हाताऱ्या माणसांच्या कपाळाला आठ्या पडतात. लक्ष्मीचं वाहन म्हणून एकीकडे हात जोडायचे, आणि छपरावर बसलं की हाकलायचं. दिजाँत तेच घुबड वाट दाखवतं. मी डावा हात लावला. काय मागितलं ते विचारू नका. माझ्यामागे रांग होती. त्यात एक वयस्कर बाई काठी टेकत आली होती. तिनंही हात लावला, माझ्याकडे बघून हसली. भाषेचं काही काम पडलं नाही.

तिथून चालत पाच मिनिटांवर ड्यूकांचा राजवाडा. पुढची बाजू नंतरच्या काळात भव्य केली आहे, पण मागे मध्ययुगातले भाग शिल्लक आहेत. त्यातलं मला आवडलेलं ठिकाण म्हणजे मुदपाकखाना. सुमारे १४३३ मध्ये बांधलेला. मोठी चौकोनी खोली. भिंतींना लागून भल्यामोठ्या चुली, एकेका चुलीत माणूस उभा राहील एवढ्या. छताच्या दगडी कमानी वर मधोमध एकत्र येतात आणि तिथेच धूर जायला झरोका. सगळा धूर आपोआप वर जातो. जवळपास सहाशे वर्षांपूर्वी दगडात एवढा विचार केलेला! ज्यांनी फुंकणी फुंकून डोळ्यांचं पाणी केलं आहे, त्यांना त्या झरोक्याची किंमत कळेल. धुराला वाट काढून देणं ही काही आजची विद्या नव्हे. ती कोणाच्या स्वयंपाकघरासाठी वापरायची, एवढाच प्रश्न होता.

राजवाड्यातच संग्रहालय आहे. कायमचा संग्रह बघायला पैसे पडत नाहीत. मंगळवारी बंद असतं, तेवढं ध्यानात ठेवा. एका मोठ्या दालनात दोन ड्यूकांच्या दगडी समाध्या आहेत. वर ड्यूक हात जोडून निजलेले, एकाशेजारी त्याची बायको. लोक त्यांच्याकडे बघतात. पण खाली वाका. समाधीच्या भोवती, कमानींच्या आतून हातभर उंचीच्या मूर्ती फिरताहेत, एकेका समाधीला चाळीसेक. त्यांना म्हणतात ‘रडणारे’. कोणी झग्याची टोपी तोंडावर ओढली आहे, कोणी डोळे पुसतो, कोणी पोथीत बघतो, कोणी शेजाऱ्याकडे वळला आहे. दोघांचं दुःख सारखं नाही. मयताच्या घरी बसलेल्या बायका मला आठवल्या. कोणी हुंदके देते, कोणी चुपचाप चहाचं बघते.

या दालनात उभी असताना मला एका मुलीची गोष्ट वाचायला मिळाली. ती समाधीत नाही. चौथा ड्यूक शार्ल जानेवारी १४७७ मध्ये लढाईत मारला गेला. त्याला मुलगा नव्हता. एकच मुलगी, मारी, वय १९. बाप गेल्याची बातमी आली आणि फ्रान्सच्या राजानं फौज पाठवली. त्याचं म्हणणं असं, की मुलगा वारस नाही, तेव्हा हा मुलूख परत माझा. बर्गंडी गेली, दिजाँ गेलं, हा वाडा गेला. मारीकडे उरला फ्लँडर्सचा मुलूख. आता गंमत बघा, फ्लँडर्स या घराण्यात आलं कसं? तिची खापरपणजी मार्गारेट हिच्या माहेराकडून! बाईनं आणलेलं तेवढं मुलीच्या हाती राहिलं. ते राखण्यासाठी तिनं त्याच वर्षी लग्न केलं, आणि पाच वर्षांनी घोड्यावरून पडून गेली. पंचवीस वर्षांची होती.

ड्यूकाच्या लेकीचं हे झालं. सातबाऱ्यावर आपलं नाव चढवायला तलाठ्याकडे खेपा घालणारी बाई ही गोष्ट ऐकेल, तर तिला ती लांबची वाटणार नाही. आपल्याकडे २००५ पासून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क कायद्यानं आहे. कागदावर नाव आहे का, ते मात्र आपणच जाऊन बघायचं.

वाड्यावर ४६ मीटर उंच मनोरा आहे, ३१६ पायऱ्या. तिथे तिकीट काढून, वाटाड्याबरोबरच सोडतात. गुडघे बरे असतील तरच चढा. वरून रंगीत कौलांची छपरं दिसतात, पिवळी, हिरवी, तांबडी, चटईसारखी नक्षी केलेली.

आता थोडं कामाचं. आपल्यातल्या कितीतरी जणींची मुलं-सुना परदेशात आहेत, बाळंतपणाला, नातवंडांना सांभाळायला बोलावणं येतं. कधी दिजाँला किंवा तशा गावी गेलात, तर पायात बंद, मऊ तळाची पादत्राणं घाला, जुन्या गल्ल्यांत दगड खडबडीत असतात. पाण्याची बाटली जवळ ठेवा. रविवारी बरीच दुकानं बंद असतात. दुकानात शिरताना आधी ‘बोंझूर’ म्हणा, म्हणजे नमस्कार. तो न म्हणता वस्तूला हात लावला, तर तिथे उद्धटपणा समजतात. घरचा पत्ता कागदावर लिहून कमरेच्या पिशवीत ठेवा. आणि मग एक दिवस घरच्यांना सांगा, आज मला कोणी नेऊ नका, मी माझी जाऊन येते.

मी हे मुद्दाम सांगते आहे. आपण बायका आयुष्यभर कोणाच्या तरी मागून चालतो. सहलीलासुद्धा गाडी थांबेल तिथे उतरायचं, बोलावलं की चढायचं. वाटाड्या असता, तर त्यानं मला चारही ड्यूकांच्या लढाया सांगितल्या असत्या आणि त्यात काही चूक नव्हती. पण बागेखालची टाकी, मुदपाकखान्याचा झरोका, घड्याळावरची लेक आणि वारसा गेलेली मारी यांच्यापाशी मला एवढा वेळ थांबू दिलं नसतं. पाय आपले असले, की थांबायचं कुठे हेही आपणच ठरवतो.

तेव्हा यंदा गटाची सहल निघेल, देवगिरीला निघो की पन्हाळ्याला, एक तास मोकळा ठेवा. भेटायची जागा आणि वेळ पक्की करा, दोघी-दोघी व्हा आणि तेवढा तास हवं तिकडे फिरा. परत आल्यावर प्रत्येकीनं सांगायचं, मी कुठे थांबले आणि का. पुढच्या बैठकीच्या वहीत ते लिहूनही ठेवा. वहीत नुसते हप्तेच असावेत असं थोडंच आहे!

आज इथेच थांबते.